सामुराई कॅम्पेन आणि नवे खेळाडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळात नव्या खेळाडूंना घेऊन सामुराई कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन (बैठकी) चालणारी गोष्ट, चालवू पाहणाऱ्या जीएमकडून (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला पायाभूत प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे प्रसंग. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाच गोष्टीचा पुन्हा विषय निघाला की आधीच्या किंवा पुढच्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही आजवर गुहेत शिरा, राक्षस मारा, खजिना आणा एवढंच खेळलोय. सामुराई कॅम्पेनमध्ये वेगळं काय असतं?

इथे पात्र कुणाच्या तरी पदरी असतं. नेहमीच्या साहसकथेत चार भटके भेटतात आणि पटेल ते काम घेतात. सामुराईच्या डोक्यावर धनी असतो, पाठीशी घराणं असतं, आणि शेजारी त्याच धन्याचे इतर चाकर असतात, ज्यांच्याशी त्याचं पटतंच असं नाही. त्यामुळे "हे काम आपण का करायचं?" असा प्रश्न पडत नाही. "हे काम केलं तर मी कुणाला दुखावणार?" हा पडतो.

तलवारी, चिलखतं, किल्ले हवेतच. पण कॅम्पेन पेट घेतं ते दोन कर्तव्यं एकमेकांना भिडली की. धन्याने जे गाव जाळायला सांगितलंय, तिथेच पात्राच्या बहिणीचं सासर आहे. एवढ्या एका ओळीवर तीन सेशन सहज निघतात.

२. मला जपानच्या इतिहासाची जुजबी माहिती आहे, खेळाडूंना तर काहीच नाही. आधी किती वाचावं लागेल?

खेळाडूंना काहीही वाचायला लावू नका. गृहपाठ दिला की नवा खेळाडू पहिल्या सेशनला दबकून येतो आणि चूक होईल या भीतीने गप्प बसतो. त्यांना तीनच गोष्टी सांगा: मुलखाचा धनी म्हणजे दाइम्यो, त्याच्या पदरचे लढवय्ये म्हणजे सामुराई, आणि धनी नसलेला सामुराई म्हणजे रोनिन. बाकी सगळं खेळता खेळता कळू द्या.

त्यासाठी एक वाक्य कायम जिभेवर ठेवा: "तुझ्या पात्राला हे माहीत आहे." समजा, पात्र पाहुणा म्हणून एका वाड्यात गेलंय. खेळाडू म्हणतो, "मी बसतो." तुम्ही सांगा, "तुझ्या पात्राला माहीत आहे की कमरेची लांब तलवार काढून बसल्यावर उजव्या बाजूला ठेवायची, म्हणजे ती उजव्या हाताने पटकन उपसता येत नाही. डावीकडे ठेवली तर यजमानावर विश्वास नाही असा अर्थ निघेल. तू कुठे ठेवतोस?" खेळाडूला एक रीत कळली, आणि त्याच दमात एक निर्णयही त्याच्या हातात आला. रीतिरिवाज शिकवण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

३. कोणता कालखंड निवडू?

पहिलंच कॅम्पेन असेल तर सेंगोकू, म्हणजे जपानमधल्या आपसातल्या युद्धांचा काळ. १४६७ मध्ये ओनिनचं युद्ध पेटलं, दहा वर्षांत क्योतोची राखरांगोळी झाली, आणि पुढे शतकभर शोगुनची, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाची, सत्ता नावापुरती उरली. जो तो दाइम्यो आपल्या मुलखाचा राजा, आणि लहान घराणी दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या कात्रीत. ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी आणि तोकुगावा इएयासू या तिघांनी देश पुन्हा एका सत्तेखाली आणला. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई इएयासूने जिंकली आणि १६०३ मध्ये तो शोगुन झाला. नव्या खेळाडूंना हा काळ सोपा जातो, कारण काय पणाला लागलंय ते लगेच दिसतं: किल्ला पडेल की टिकेल?

एदो काळ (१६०३ ते १८६८) मलाही फार आवडतो, पण तो दुसऱ्या कॅम्पेनसाठी ठेवा. लढाया जवळपास थांबलेल्या, तलवार कमरेला असली तरी उपसल्याचा जाब द्यावा लागतो. १६३५ पासून दाइम्योंना आलटून पालटून शोगुनच्या एदो शहरात (आजच्या तोक्योत) हजेरी लावणं सक्तीचं झालं, आणि त्यांची बायकामुलं तिथेच राहत. तोकाइदो रस्त्यावर ५३ मुक्कामाची ठाणी, हाकोनेच्या नाक्यावर कडक तपासणी. गुन्ह्याचा तपास आणि दरबारी कारस्थानं यांना हा काळ अप्रतिम आहे, पण त्यात नियम मोडण्याची किंमत खेळाडूंना आधी कळलेली असावी लागते.

घोड्यावरचे धनुर्धारी हवे असतील तर ११८० ते ११८५ चं गेनपेई युद्ध पाहा.

४. खरा जपान घ्यावा की कल्पित देश?

पहिल्यांदा मधला रस्ता धरा: काळ खरा, प्रांत आणि घराणं तुमचं. सेंगोकू काळात छोटी घराणी इतकी होती की आणखी एक किल्ला आणि एक खोरं जोडल्याने काही बिघडत नाही. नोबुनागा किंवा इएयासू हे लांबून येणाऱ्या बातम्यांमध्ये राहू द्या. ते समोर आले की खेळाडूंना आपण दुसऱ्याच्या गोष्टीतले प्रेक्षक आहोत असं वाटू लागतं.

५. कोणती नियमावली वापरू?

नव्या खेळाडूंसाठी, जी तुम्हाला पाठ आहे ती. जीएम पुस्तक चाळत बसला की नव्या माणसाचा रस जातो. खास सामुराईंसाठीचं काही हवं असेल तर 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज' बरंच खेळलं जातं. त्याची पहिली रोलप्लेइंग आवृत्ती १९९७ ची. मात्र त्यातला रोकुगान हा देश कल्पित आहे, खरा जपान नाही. २०१८ च्या आवृत्तीत चिन्हं असलेले खास फासे लागतात, आणि मनावरचा ताण मोजण्याची सोय आहे. शांत चेहऱ्याने बसलेल्या सामुराईच्या आतली खळबळ त्यातून छान उतरते.

६. सेशन झीरोमध्ये, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, काय ठरवायचं?

सगळ्यांचा धनी एकच असेल, हे सर्वांत आधी. चार पात्रं चार धन्यांची असली की पहिलं सेशन ती एकत्र का आहेत हे समजावण्यातच जातं. मग तो धनी सगळ्यांनी मिळून घडवा: त्याचा एक गुण, एक दोष, आणि त्याने प्रत्येक पात्रावर केलेला एक उपकार. स्वतः घडवलेल्या धन्यासाठी खेळाडू जीव टाकतात; आयत्या मिळालेल्या धन्याकडे ते फक्त काम देणारा माणूस म्हणून बघतात.

प्रत्येकाने आपल्या पात्राचा एक वारसही लिहून ठेवावा. धाकटा भाऊ, पुतणी, दत्तक मुलगा, कुणीही. त्याचा उपयोग प्रश्न १४ मध्ये आहे.

आणि या विषयात येणाऱ्या कठोर गोष्टींवर मोकळेपणी बोला: छिन्न शिरं, ओलीस मुलं, सक्तीची लग्नं, आत्मबलिदान. काय खेळात अजिबात नको आणि काय पडद्याआड घडलेलं चालेल, ते लिहून घ्या. टेबलावर एक्स-कार्ड (नको असलेलं दृश्य थांबवायला हात लावायचं कार्ड) ठेवा आणि ते कसं वापरायचं हे एकदा करून दाखवा, नाहीतर नवे खेळाडू त्याला हात लावत नाहीत.

७. सगळ्यांनी सामुराईच व्हायचं का? एकाला निंजा हवाय, एकीला व्यापारी.

नाही. पण प्रत्येक पात्र त्याच धन्याला बांधलेलं असावं. किल्ल्याला धान्य पुरवणारी व्यापारी, लढाईत कुटुंब गमावलेला भिक्षू, आशिगारू म्हणजे पायदळातला शिपाई, हे सगळे चालतात. सेंगोकू काळात वर्गांच्या भिंती तितक्या पक्क्या नव्हत्या; हिदेयोशी स्वतः अगदी खालच्या थरातून वर आला. पुढे त्यानेच १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रं जप्त करवली आणि १५९१ च्या फर्मानाने वर्ग बदलायची वाट बंद केली.

निंजा हवा असेल तर तो हेर करा. काळे कपडे घालून छपरावरून उड्या मारणारा नको. इगा आणि कोगा भागातले लोक अशा कामांसाठी नावाजलेले होते. तो पदरी आहे पण कुणी त्याला पंगतीला बसवत नाही, ही ठिणगी भूमिकेसाठी पुरेशी आहे.

रोनिनबद्दल मात्र सावध राहा. नव्या खेळाडूला तो मोकळा वाटतो म्हणून हवा असतो, आणि मग तो प्रत्येक दृश्यात कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा राहतो. त्याला धन्याकडे चाकरी मागायला आलेला रोनिन करा.

८. लढवय्यी स्त्री पात्रं त्या काळात बसतात का?

बसतात. गेनपेई युद्धाच्या कथांमध्ये तोमोए गोझेन आहे. सेंगोकूत तचिबाना गिंचियोला वडिलांनी लहानपणीच घराण्याची प्रमुख केलं. १८६८ मध्ये आइझूच्या लढाईत नाकानो ताकेको नागिनाता (लांब दांड्याला पातं असलेलं शस्त्र) घेऊन बायकांच्या तुकडीच्या आघाडीवर होती, आणि तिथेच ती पडली. शिवाय किल्ल्याला वेढा पडला की आतल्या बायका लढाईत असायच्याच. बाई आहे म्हणून पात्राला प्रत्येक दृश्यात परवानगी मागावी लागेल असं कॅम्पेन खेळाडूला हवंय का, हे सेशन झीरोत तिलाच विचारा. तिला नको असेल तर तो विषय काढूच नका.

९. नावं लक्षात राहत नाहीत. दर वाक्याला गाडी अडते.

घराण्याचं नाव आधी, स्वतःचं नंतर. एका सेशनमध्ये चारपेक्षा जास्त नवी नावं आणू नका, आणि दोन नावं एकाच अक्षराने सुरू करू नका. प्रत्येकाला एक खूण जोडा: खोकणारा कारभारी, एकाक्ष तटरक्षक. "सामा" धन्यासाठी, "सान" इतरांसाठी, एवढ्यावर निभावतं. खेळाडू चुकला तर टोकू नका. तुम्ही पुढच्या वाक्यात बरोबर म्हणा, तो आपोआप उचलतो.

१०. इज्जत गुणांमध्ये मोजू का?

नवे खेळाडू असतील तर मोजू नका. आकडा दिसला की तो वाढवायचा खेळ सुरू होतो. त्याऐवजी प्रत्येक पात्राच्या कागदावर तीन नावं लिहा: मी ज्याचं देणं लागतो तो, माझा ज्याच्यावर जीव आहे तो, आणि माझं नाव धुळीला मिळवू शकेल असा एक. प्रत्येक सेशनमध्ये यातल्या एकाला तरी हलवा.

बुशिदो म्हणजे सगळे सामुराई पाळत असलेली लेखी नियमांची यादी, असं अनेकांना वाटतं. आज जे गुण मोजून सांगितले जातात त्यांचा प्रसार मुख्यतः नितोबे इनाझो यांच्या १९०० च्या इंग्रजी पुस्तकामुळे झाला, म्हणजे सामुराई वर्गच संपल्यावर. सेंगोकूत बाजू बदलणं नेहमीचं होतं. १५८२ मध्ये आकेची मित्सुहिदे आपल्याच धन्यावर, नोबुनागावर, उलटला. सेकिगाहारात ऐन लढाईत कोबायाकावा हिदेआकीने बाजू बदलली. म्हणून "सामुराई असं करणार नाही" हे वाक्य टेबलावर वापरू नका. "असं केलंस तर अमुक माणूस काय म्हणेल?" हे विचारा.

११. पहिल्या सेशनमध्ये काय घडवू?

एक सोपं काम, ज्याचं ओझं वाटेत वाढत जातं. माझी आवडती सुरुवात अशी.

लहान किल्ल्याच्या धन्याने बलाढ्य शेजाऱ्याशी तह केलाय. तहाची अट म्हणून त्याचा नऊ वर्षांचा मुलगा ओलीस जाणार आहे, आणि त्याला दोन दिवसांच्या वाटेने पोचवायचं काम पात्रांचं. त्या काळी ओलीस देणं सर्रास चाले. खुद्द इएयासूचं बालपण इमागावा घराण्याकडे ओलीस म्हणून गेलं.

निघताना मुलाची आई एका पात्राला बाजूला घेते. "त्याला परत आणा" असं ती म्हणत नाही, तसं म्हणणं तिला शोभणार नाही. ती फक्त मुलाचा हिवाळ्याचा जाड अंगरखा हातात देते, आणि आत्ता तर उन्हाळा आहे. खेळाडू हे समजेपर्यंत थांबा, बोलू नका.

वाटेत नदीला पूर आहे. नावाडी सांगतो, काल काही हत्यारबंद लोक याच मुलाची चौकशी करून गेले. इथे पहिली झटापट घ्या, छोटीशी, म्हणजे फासे कसे टाकायचे ते सगळ्यांना कळेल. रात्रीच्या मुक्कामी फासे अजिबात नकोत. मुलगा विचारतो, "मी नीट वागलो तर लवकर सोडतील ना?" उत्तर कोणीतरी द्यायचंय, आणि ते एकाच खेळाडूने द्यायला हवं असंही नाही.

शेजाऱ्याच्या किल्ल्यात यजमान हसून स्वागत करतो आणि म्हणतो, मुलाच्या सोबतीला तुमच्यापैकी एकजण राहावा. तहात असं काही नव्हतं. नकार दिला तर तह मोडेल, होकार दिला तर धन्याला न विचारता दिलेला शब्द. तिथेच सेशन थांबवा. पुढचं सेशन त्याच किल्ल्यात सुरू होतं, त्यामुळे कुणीही खेळाबाहेर पडत नाही.

१२. नव्या खेळाडूने गंमतीत दाइम्योचा अपमान केला. आता त्याचं शिर उडवू का?

नको. आधी विचारा: "हे तुझं पात्र मोठ्याने बोललं का?" बहुतेक वेळा खेळाडू फक्त टेबलावर बोललेला असतो. तरीही तो हो म्हणाला, तर परिणाम त्याच्यावर न आणता त्याच्यासाठी हमी देणाऱ्या वरिष्ठावर आणा. म्हातारा कारभारी सगळ्यांसमोर कपाळ जमिनीला टेकवून माफी मागतो, आणि नंतर एक शब्दही बोलत नाही. मृत्युदंडाने खेळाडू एवढंच शिकतो की तोंड उघडू नये. या दृश्यानंतर तो पुढच्या वेळी विचार करून बोलतो. दरबारात पाऊल टाकण्याआधी प्रश्न २ मधलं वाक्य वापरलं असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

१३. सगळ्यांना कतानाच (सामुराईची लांब तलवार) हवीय. बंदूक मागितली तर?

द्या. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर तोड्याच्या बंदुका आल्या आणि काही दशकांत जपानी कारागीर त्या मोठ्या संख्येने बनवू लागले. १५७५ मध्ये नागाशिनोला नोबुनागाने त्या परिणामकारक वापरल्या. रणांगणावर मुख्य शस्त्रं भाला आणि धनुष्य हीच होती. कताना जवळच्या चकमकीला आणि रोजच्या वावराला. तोड्याची बंदूक पावसात दगा देते आणि भरायला वेळ घेते. एक बार उडाला की तिचं काम झालं, असं नियमात धरा.

१४. एका फटक्यात लढाई संपते. खेळाडू पहिल्याच दिवशी मेला तर?

फटका प्राणघातक ठेवा, पण तो बसण्याआधीचा वेळ लांबवा. द्वंद्वासाठी मी तीन नजरा वापरतो. दोघे उभे आहेत, हात मुठीवर. प्रत्येक नजरेला खेळाडू एकतर प्रतिस्पर्ध्याबद्दल एक खरा प्रश्न विचारतो ("त्याचं वजन कोणत्या पायावर आहे?", "त्याला हे द्वंद्व हवंय का?") किंवा थेट वार करतो. मिळालेल्या प्रत्येक उत्तराचा फाशावर फायदा. पण समोरचाही पाहतोय, आणि तोही आधी वार करू शकतो. तिसऱ्या नजरेनंतर एकच रोल, आणि निकाल. नवे खेळाडूसुद्धा इथे श्वास रोखून बसतात, आणि कित्येकदा दुसऱ्या नजरेनंतर कुणीतरी माघार घेतो, जे लढाईइतकंच रंगतं.

हरणं म्हणजे मरणंच असं नाही: कायमची जखम, कापलेली शेंडी, तुटलेलं पातं. आणि खरंच मरण आलं, तर सेशन झीरोत लिहिलेला वारस पुढच्या दृश्यात येतो. त्याला मेलेल्याची तलवार, त्याचं देणं आणि त्याचा वैरी, तिन्ही मिळतात.

१५. खजिना नाही, तर बक्षीस काय?

जमीन, धन्याने हाताने दिलेली वस्तू, धन्याच्या नावातलं एक अक्षर, लढाईत पुढे राहण्याचा मान. उत्पन्न कोकुत मोजा. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, एका माणसाचा साधारण वर्षभराचा. एदो काळात १०,००० कोकुंपासून वर दाइम्यो धरला जाई. पात्राला ५० कोकु द्या आणि त्यासोबत त्यातून पोसायची माणसं द्या. दुष्काळात ती दारात येऊन बसतील.

१६. धन्याचा हुकूम अन्यायाचा होता, खेळाडूंनी सरळ धुडकावला. कॅम्पेन संपलं का?

आत्ता कुठे सुरू झालं. पण "नाही" म्हणण्याचेही प्रकार असतात, ते खेळाडूंना दाखवा: लेखी विनवणी, आजारी पडणं, हुकमाचा अक्षरार्थ पाळून हेतू मोडणं, किंवा हुकूम न पाळता परत येऊन शिक्षेसाठी बसणं.

एक खरा प्रसंग त्यांना सांगा. १५७५ मध्ये नागाशिनोच्या किल्ल्याला ताकेदा घराण्याचा वेढा होता. तोरी सुनेएमोन नावाचा खालच्या दर्जाचा शिपाई रात्री नदीतून निसटला, मदतीचं वचन घेतलं, आणि परतताना पकडला गेला. मदत येणार नाही असं किल्ल्यासमोर ओरडून सांग, जीव वाचेल, असं त्याला सांगण्यात आलं. तो तटासमोर गेला आणि ओरडला की मदत येतेय, धीर धरा. त्याला ठार केलं गेलं, किल्ला टिकला. शत्रूचा हुकूम वरकरणी मान्य करून तो ऐन जागी उलटवणं, ही कल्पना खेळाडू पुढे हमखास वापरतात.

१७. दोन पात्रांच्या निष्ठा फुटल्या. आता ती एकमेकांना मारणार का?

हे होऊ द्या, पण खेळाडूंच्या संमतीने. खेळ थांबवा, दोघांना विचारा, दोघांनाही हवं असेल तरच पुढे जा. वैर असूनही नातं टिकतं, हे सानादा घराण्यात दिसतं. १६०० मध्ये वडील मासायुकी आणि धाकटा नोबुशिगे इशिदा मित्सुनारीच्या बाजूला गेले, थोरला नोबुयुकी इएयासूच्या. नोबुयुकीची बायको इएयासूच्या सरदाराची, होंदा तादाकात्सूची, मुलगी होती. पराभवानंतर बाप आणि धाकट्याचा जीव वाचला. नोबुयुकीने आपल्या बाजूच्या जेत्यांपुढे रदबदली केली होती. टेबलावरही अशीच मांडणी करा: एकमेकांविरुद्ध उभे राहा, पण प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला वाचवायचं एक साधन राहू द्या.

१८. सेप्पुकू (पोट चिरून केलेलं विधिवत आत्मबलिदान) दाखवावं का?

सेशन झीरोत सगळ्यांनी होकार दिला असेल तरच, आणि तेव्हाही पडद्याआड. विधीचं वर्णन करू नका. आधीचं संभाषण आणि नंतर वाड्यात पसरलेली शांतता पुरे. एखाद्या चुकीबद्दल शिक्षा म्हणून खेळाडूच्या पात्राला ते कधीही फर्मावू नका. आणि खेळाडू स्वतःच प्रत्येक अपयशानंतर तेच सुचवू लागला तर धन्याने नकार द्यावा: "तुझं आयुष्य माझं आहे, मला ते हवंय." डोकं मुंडवून मठात जाणं, नजरकैद, उत्पन्नात कपात असे पर्याय इतिहासात भरपूर आहेत. धन्यामागे जीव देण्याची प्रथा तर शोगुनशाहीनेच १६६३ मध्ये बंद केली. खेळाडू पात्राबद्दल न बोलता स्वतःबद्दल बोलतोय अशी शंका आली, तर खेळ बाजूला ठेवा आणि त्याच्याशी एकट्याने बोला.

१९. एक खेळाडू जपानबद्दल खूप वाचून येतो आणि बाकीच्यांना सारखं सुधारतो.

त्याच्या ज्ञानाला काम द्या. त्याचं पात्र रीतिरिवाजांचा जाणकार करा, आणि सुधारणा त्याने पात्राच्या तोंडून, दृश्याच्या आत, कुजबुजत कराव्यात. तपशिलावर वाद झाला तर निर्णय तुमचा, आणि तो फक्त या कॅम्पेनपुरता.

२०. कॅम्पेन मध्यावर आहे आणि नवा खेळाडू येतोय. त्याला कसं घेऊ?

तीन वाटा आहेत. मेलेल्या पात्राचा वारस (प्रश्न १४). शेजाऱ्याकडून इकडे आलेला ओलीस, ज्याला इथली काहीच माहिती नाही, त्यामुळे खेळाडूचं अज्ञान आणि पात्राचं अज्ञान जुळतं. किंवा धन्याने पाठवलेला तपासनीस, मेत्सुके, जो सगळ्यांना गेल्या महिन्यात काय घडलं ते विचारतो. मला तिसरी वाट सगळ्यात आवडते. आधीची गोष्ट जुने खेळाडू स्वतःच्या तोंडून सांगतात, आणि त्यातलं काय त्या नव्या माणसापासून लपवायचं, ते त्यांना तिथल्या तिथे ठरवावं लागतं.